चुकांची आठवण

हंसराज गोंडाणे आठ वर्षांनी बहिणीच्या घरी आला, तो चपला न काढताच आत शिरला. रविवारची सकाळ होती. निरंजना गॅलरीत कपडे वाळत घालत होती. त्यानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि तिच्या ओल्या हातात कोंबला.

"वाच," तो म्हणाला. "मोठ्यानं वाच."

कागदाच्या डोक्यावरचं चिन्ह तिच्याच कार्यालयाचं होतं, त्यामुळे आत काय असेल ते तिला न वाचताही कळलं. तरी तिनं वाचलं. 'सादर केलेले ढोलकीवादन यंत्रनिर्मित असल्याचे आढळून आल्याने मानवी वादनाची मोहोर नाकारण्यात येत आहे.'

"पंधराव्या वर्षापासून वाजवून राहिलो. चाळीस वर्षं झाली. आन तू मले मशीन म्हनते?"

"मी नाही म्हटलं. केंद्रात फाइली नंबरानं येतात. कोणाची आहे ते आम्हाला दिसतही नाही, दादा."

"दादा नोको म्हनू. तो हक्क तू बाबाच्या वेळेसच घालवला."

निरंजनानं कागदाची पुन्हा घडी घातली.

बाबा म्हणजे नागपुरातल्या गोंडाणे गायन पार्टीचे म्होरके. भीमगीतं गायचे, स्वतः डफ वाजवायचे. त्यांच्या शेवटच्या रेकॉर्डिंगच्या वेळी वयानं त्यांचा ठेका मागेपुढे होत होता. निरंजना तेव्हा ध्वनी अभियांत्रिकी शिकून नुकती आली होती. तिनं कोणाला न विचारता संगणकावर बाबांचा एकेक ठोका उचलून जागेवर बसवला. गाणं सुरेख झालं. बाबांनी ते एकदा ऐकलं, डफ खुंटीला अडकवला आणि पुन्हा माईकसमोर बसले नाहीत. दोन वर्षांनी ते गेले. हंसराजनं बहिणीशी बोलणं सोडलं ते तेव्हापासून.

आता २०३७ साल चालू होतं. मधल्या काळात यंत्रांनी बनवलेल्या गाण्यांचा असा पूर आला की रेडिओ, सरकारी मंच, शाळा-कॉलेजांचे कार्यक्रम या सगळ्यांनी एकच अट घातली. गाणं माणसानं वाजवलेलं आहे, अशी मोहोर हवी. ती मोहोर देणारं ध्वनी प्रमाणन केंद्र नागपुरात होतं, आणि मोहोरेमागचं गणित निरंजनानं लिहिलेलं होतं.

गणिताचा गाभा साधा होता. माणूस कधीच अगदी वेळेवर ठोका मारत नाही. तो सेकंदाच्या काही हजारांश भागांनी चुकतो. पण त्याच्या चुका सुट्या नसतात. एक ठोका जरा उशिरा पडला की त्याची सावली पुढच्या शेकडो ठोक्यांवर पडते. हात सावरतो, जास्त सावरतो, पुन्हा ढिला होतो. माणसाच्या चुकांना आठवण असते. यंत्र मात्र चुकलंच तर नाणं उडवल्यासारखं चुकतं. एका चुकीचा दुसरीशी संबंध नसतो. निरंजनाचं गणित ही आठवण मोजायचं. शंभरपैकी साठच्या वर आकडा आला तर माणूस, खाली आला तर यंत्र. हंसराजचा आकडा अकरा आला होता.

"तुमच्या त्या तपासणीच्या काळ्या डब्यात घोळ आहे," हंसराज म्हणाला. "सील ठोकलेला डबा. आत काय करून ठेवलं ते कोनाले दिसत नाही."

"डब्यात घोळ नाही."

"मग दाखव. उघड्या पेटीवर दाखव. माह्या घरी, माह्या डोळ्यासमोर. नाही तर मी पुढच्या सोमवारी चौकात उभा राहून सांगतो का सख्ख्या बहिणीनं सूड घेतला म्हनून."

तो गेला. त्याच्या चपलांची माती फरशीवर तशीच राहिली.

*

निरंजनानं चार दिवसांची रजा टाकली. माळ्यावर तिचा जुना संगणक होता, तो काढला. त्यात लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली घातली. लिनक्सच का, तर त्यातली प्रत्येक ओळ उघडी असते. कोणालाही वाचता येते, तपासता येते. केंद्रातल्या डब्यासारखं त्यात काही झाकलेलं नसतं. जोडीला वीस वर्षांपूर्वीचं दोन माईकांचं साउंड कार्ड घेतलं. त्याच्यात एकही शहाणी चिप नव्हती. येईल तो आवाज आकड्यांत बदलायचा, एवढंच त्याला ठाऊक होतं.

इंदोऱ्यातल्या भावाच्या घरी वत्सला वहिनीनं दार उघडलं. "जयभीम," ती हळूच म्हणाली आणि बाजूला झाली. हंसराज पलंगावर हाताची घडी घालून बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"कुठं ठेवू?"

"जमिनीवर."

तिनं जमिनीवर मांडणी केली. चाचणीचे ठोके सोडले आणि पहिल्याच तासात पहिली खर्र आली. स्पीकरमधून कागद फाटल्यासारखा आवाज निघाला.

"हे पाहा!" हंसराज पलंगावरून उठलाच. "म्हटलं होतं नं! खाल्ला नं ठोका मशीननं?"

"खाल्ला," निरंजना म्हणाली. "याला एक्सरन म्हणतात. पंगतीत वाढपी कसा असतो? मोठी बादली घेतली तर त्याच्या चकरा कमी, पण शेवटच्या माणसाला भाजी उशिरा मिळते. छोटी वाटी घेतली तर लगेच मिळते, पण चकरा वाढतात. एखाद्या चकरेला आचारी दुसऱ्याशी बोलत राहिला की पत्रावळ रिकामी. तसाच हा रिकामा घास."

"मग मोठी बादली घे."

"मोठी घेतली तर तुझ्या हेडफोनमध्ये तुझीच ढोलकी उशिरा ऐकू येईल. मग तुझा हात बिघडेल आणि तू म्हणशील मशीननं बिघडवला."

"म्हननच."

म्हणून तिनं वाटी छोटी ठेवली. चौसष्ट नमुन्यांची, म्हणजे आवाजाच्या चौसष्ट आकड्यांची. सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार नमुने, म्हणजे दर सव्वा-दीड मिलिसेकंदाला एक चक्कर. आणि मग ती आचाऱ्याच्या मागे लागली. संगणकाचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो बदलून तिनं रिअल-टाइम कर्नल बसवला. त्यामुळे आवाजाचं काम आलं की बाकीची कामं हातातली तशीच टाकावी लागतात. वीज वाचवायला प्रोसेसर मध्येच डुलकी घ्यायचा, ती सोय बंद केली. तरी दर अर्ध्या मिनिटानं खर्र यायचीच.

प्रत्येक खर्रेला हंसराज बोट मोजायचा. "सात." "आठ." दुपारपर्यंत बावीस झाल्या.

शेवटी सापडलं. साउंड कार्ड आणि वायफाय एकाच वाटेनं प्रोसेसरला हाक मारत होते, आणि वायफायचा आवाज मोठा पडत होता. तिनं वायफायची चिपच काढून टाकली, कार्डाची वायर मागच्या दुसऱ्या खाचेत घातली आणि त्याच्या हाकेला सगळ्यात वरचा मान दिला. मग कार्डातून निघालेला आवाज वायरीनं परत कार्डातच सोडून जाण्यायेण्याचा वेळ मोजला. साडेचार मिलिसेकंद. तासभर मोजला. साडेचारच. एकही खर्र नाही.

"हे तपासायला तुझा कोणताही माणूस आण," ती म्हणाली. "माझ्यावर विश्वास ठेवू नको."

"ठेवतच नाही."

त्यानं खरंच एक माणूस आणला. रेडिओ दुरुस्त करणारा, कोणाच्याच बाजूचा नसलेला. त्यानं दोन तास सगळं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "हंसराजभाऊ, याच्यात काही नाही. एवढी स्वच्छ पेटी मी पाहिली नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी हंसराजनं आंघोळ केली, पांढरा सदरा घातला, ढोलकी मांडीवर घेतली आणि वीस मिनिटं वाजवली. हात सुरेख चालले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. निरंजनानं गणित चालवलं.

आकडा आला नऊ.

मग हंसराजनं ढोलकी बाजूला ठेवली.

"लिहूनच ठेवलं होतं तू. पेटी उघडी असली तरी हिसाब तुहाच आहे नं."

निरंजना त्या आकड्याकडे पाहत राहिली. तिला पहिल्यांदा भीती वाटली, पण ती भावाची नव्हती.

"दादा, तुझी जुनी रेकॉर्डिंगं आहेत?"

"कायले?"

"आहेत का?"

वहिनीनं कपाटातून हार्ड डिस्क आणून दिली. निरंजनानं वर्षवार फाइली लावल्या आणि एकेक तपासली. दहा वर्षांपूर्वीची, सत्त्याण्णव. सहा वर्षांपूर्वीची, पंच्याण्णव. तीन वर्षांपूर्वीची, चौऱ्याऐंशी. दोन, एकसष्ट. मागच्या वर्षीची, अडतीस.

म्हणजे हिशेब बरोबर होता. तोच हिशेब दहा वर्षांपूर्वीच्या हंसराजला माणूस म्हणत होता.

*

निरंजनाला ही उतरण ओळखीची होती.

मोहोरेचं गणित पक्कं करताना केंद्रानं चौदाशे माणसांचे ठेके गोळा केले होते. त्यांत एका रुग्णालयातून आलेली एक्केचाळीस माणसं होती. सगळे कंपवाताचे रुग्ण, बरेचसे अगदी सुरुवातीच्या पायरीवरचे. हात अजून थरथरतही नव्हते. पण या आजारात मेंदूतला ताल सांभाळणारा भाग झिजत जातो, आणि बाहेर काही दिसण्याआधीच चुकांची आठवण जाते. ठोके वरवर ठीक पडतात, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नसतो. गणितानं त्या एक्केचाळीसांपैकी छत्तीस जणांना यंत्र ठरवलं होतं.

तेव्हा केंद्राचे संचालक डॉ. लोकूर म्हणाले होते, "रुग्ण कुठं रेकॉर्डिंग करायला येतात? ही नोंद काढून टाका. अचूकता साडेनव्व्याण्णव होते." निरंजनानं यादीतून एक्केचाळीस ओळी काढल्या आणि खाली सही केली. त्या घटनेला तीन वर्षं झाली होती.

"दादा," तिनं विचारलं, "तुला वास येतो का नीट?"

"काय?"

"वास. फोडणीचा, साबणाचा."

वहिनी म्हणाली, "मागच्या महिन्यात दाळ करपली. धूर झाला घरात. हे बाजूलेच बसून होते, समजलंच नाही यायले."

"तू चूप बस," हंसराज ओरडला.

"सदऱ्याची बटनंही मीच लावतो आताशा," वहिनी म्हणाली. ती चूप बसली नाही.

निरंजनानं मग सांगितलं. एक्केचाळीस माणसांचं सांगितलं, सहीचं सांगितलं, आजाराचं नाव सांगितलं, वास जाणं ही त्याची आधीची खूण असते हे सांगितलं. कदाचित नसेलही, डॉक्टरांना दाखवायला हवं, असंही म्हणाली. हंसराज शेवटपर्यंत ऐकत राहिला. त्याचा चेहरा हलला नाही.

"म्हंजे आधी मले मशीन म्हटलं. ते चाललं नाही, तं आता रोगी."

"दादा—"

"ऐक. तू बाबाचा वाकडा ठेका सरळ केला होता नं? मग माहा सरळ झालेला वाकडा करून दे. येते तुले. आठवण का फाठवण, टाक त्याच्यात. मोहोर भेटली पाहिजे. येत्या महिन्यात तीन कार्यक्रम आहेत माह्याजवळ."

करता येण्यासारखं होतं. दहा मिनिटांचं काम होतं. जगात ते करू शकणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यांतली एक जमिनीवर त्याच्यासमोर बसली होती.

"नाही करणार," ती म्हणाली.

"काहून?"

"मग तू डॉक्टरकडे जाणार नाहीस. आणि ते वादन तुझं नसेल."

हंसराज हसला. त्या हसण्यात कडवटपणाखेरीज काही नव्हतं. "वा गं वा! बाबाले न विचारता केलं. मी तोंडानं मागून राहिलो तं नाही म्हनते." तो उठला, त्यानं भिंतीतून वायर उपटली. पंखा फिरवत असलेला संगणक एका क्षणात मेला. "नीघ. हे भंगार राहू दे, मीच फेकतो."

*

भंगार त्यानं फेकलं नाही. वहिनीनं ते पलंगाखाली सरकवलं, आणि पंधरा दिवसांनी नवऱ्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. "नाही आले तं मी माहेरी जातो," असं म्हणाली होती म्हणे. निदान निघालं. कंपवात, पहिली पायरी. गोळ्या सुरू झाल्या.

वहिनीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा निरंजना केंद्रातच होती. तिनं फोन ठेवला, घर गाठलं आणि त्या एक्केचाळीस ओळींची जुनी प्रत शोधायला घेतली. तिच्याकडे ती होती. पुसायची तेव्हा तिनं एक प्रत घरी नेली होती. का नेली, ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं.

त्याच आठवड्यात ती दुसऱ्या कामाला लागली. कंपवाताच्या रुग्णाला चालताना नुसत्या टिकटिकीची साथ दिली तर त्याची पावलं सुधारतात, हे जुनं संशोधन होतं. पण टिकटिक बहिरी असली तर माणूस तिच्यामागे फरफटतो. टिकटिकीलाच कान दिले, माणूस मागे पडला की तीही थोडी मागे रेंगाळली, तो पुढे गेला की तीही पुढे सरकली, तर गंमत होते. दोघं एकमेकांना सांभाळू लागतात, आणि त्या सांभाळण्यात चुकांची आठवण परत येते. अट एकच. यंत्रानं ऐकून उत्तर द्यायला उशीर करायचा नाही. दहा मिलिसेकंद गेले की संवाद तुटतो. भावाच्या पलंगाखाली साडेचारची पेटी पडली होती.

तिनं प्रोग्राम लिहिला, पेनड्राइव्हवर घालून वहिनीकडे पाठवला, सोबत टिकटिक ऐकायचं कानातलं बोंडूक दिलं, आणि फोनवरून एकेक बटण सांगितलं. हंसराज चार दिवस त्या पेटीकडे पाठ करून बसला. पाचव्या दिवशी, वहिनी बाजारात गेलेली असताना, त्यानं कानात ते बोंडूक घातलं.

हे निरंजनाला वहिनीनं पेनड्राइव्हवर परत पाठवलेल्या पेटीतल्या नोंदीवरून कळलं. तीन तास सलग वादन. पहिल्या दहा मिनिटांचा आकडा तेरा होता, शेवटच्या दहा मिनिटांचा अठ्ठ्याऐंशी.

*

अपील समितीची सुनावणी केंद्राच्याच सभागृहात झाली. पाच सदस्य, मध्ये डॉ. लोकूर. हंसराज एका टोकाला, निरंजना दुसऱ्या टोकाला बसली. मधल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"गोंडाणे मॅडम," लोकूर म्हणाले, "अर्जदार तुमचे बंधू आहेत. तुम्ही इथं यायलाच नको होतं."

"मी साक्ष द्यायला आले आहे."

हंसराजनं दोनदा वाजवलं. कानातलं काढून वाजवलं तेव्हा केंद्राच्या सीलबंद डब्यानं यंत्र म्हटलं. कानात घालून वाजवलं तेव्हा त्याच डब्यानं माणूस म्हटलं. एका सदस्यानं चष्मा काढून पुसला.

"हे उलटंच आहे," तो म्हणाला. "यंत्राची मदत घेतली की माणूस?"

"हात दोन्ही वेळेस माहेच होते," हंसराज म्हणाला.

मग निरंजना उभी राहिली आणि तिनं एक्केचाळीस ओळींची प्रत टेबलावर ठेवली. मोहोर आजारी माणसांना यंत्र ठरवते, हे केंद्राला पहिल्यापासून माहीत होतं, असं तिनं सांगितलं. ही नोंद मुद्दाम काढली, हेही सांगितलं.

लोकूरांचा आवाज चढला. "तांत्रिक कारणांनी वगळली. तुम्हीच वगळली. खाली सही कोणाची आहे?"

"माझी आहे. मंजुरीची तुमची आहे."

"तुम्ही इथं सात वर्षं खाल्लंत आणि आता—"

"थांबा," हंसराज म्हणाला आणि उठला. निरंजनाला क्षणभर वाटलं, भाऊ आपल्या बाजूनं बोलणार.

"हिचं कौतुक करू नोका कोनी," तो म्हणाला. "हिले तीन वर्षांपासून ठाऊक होतं. तीन वर्षांत माह्यासारखे किती लोक कागद घेऊन घरी गेले असतील? त्याईच्यासाठी ही उभी नाही राहिली. मी हिचा भाऊ नसतो, तं आजही चूप असती."

निरंजनानं मान खाली घातली नाही. बोललेला शब्द न् शब्द खरा होता.

समितीनं मोहोर सहा महिन्यांसाठी थांबवली. नाकारलेले सगळे अर्ज पुन्हा तपासायचं ठरलं. त्यांची संख्या नऊ हजारांवर होती. निरंजनाला गुप्त नोंद बाहेर नेल्याबद्दल कामावरून काढलं. नाकारलेल्यांच्या यादीतल्या प्रत्येकाला डॉक्टरांकडे जायला सांगणारं पत्र केंद्रानं धाडलं नाही. कायद्याच्या अडचणी होत्या म्हणे. समितीनं फेरतपासणीसाठी जाहीर केलेल्या यादीतले पत्ते घेऊन ती पत्रं निरंजनानं आपल्या घरून, आपल्या नावानं धाडली. काहींनी आभार मानले. बऱ्याच जणांनी शिव्या घातल्या. चंद्रपूरच्या एका बासरीवाल्याच्या बायकोनं फोन करून विचारलं, "तुमाले हे आधीच माहीत होतं तं मंग आमी दोन वर्षं कायले भांडत होतो त्याईच्याशी, आळशी झाला म्हनून?"

*

एप्रिलमध्ये पवनीला एका वाचनालयाचं उद्घाटन होतं. दुपारी चारचा कार्यक्रम, उघड्यावरचा मंडप. हंसराजच्या पार्टीला बोलावणं होतं. पेटी घरी चालवणं वेगळं आणि मंचावर चालवणं वेगळं. तिथं जनरेटर असतो, दहा वायरी असतात, माईक बदलतात. ती लावू शकणारं माणूस एकच होतं.

निरोप वहिनीनं आणला. "ये म्हने. पन बोलायचं नाही म्हने. काही लागलं तं माह्याजवळ सांगायचं."

"ठीक आहे."

"तुले राग नाही येत?"

"येतो," निरंजना म्हणाली.

मंडपाच्या कडेला, मंचाच्या उजव्या अंगाला तिला टेबल दिलं. दोन तास ती एकटीच वायरींशी झटत होती. भावानं येताना तिच्याकडे पाहिलं आणि वहिनीला विचारलं, "झालं का हिचं?" वहिनीनं मान डोलावली.

पहिली दोन गाणी सुरळीत झाली. पडद्यावरचा आकडा पंच्याऐंशीच्या आसपास खेळत होता. तिसरं गाणं सुरू झालं, आणि पहिल्याच कडव्यात निरंजनाला ठेका लागेनासा झाला. सगळे ठोके होते, सगळे जागेवर होते, पण एकही दुसऱ्याकडे पाहत नव्हता. तिनं मंचाकडे पाहिलं. हंसराजचा कान रिकामा होता. बोंडूक त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकलं होतं.

आकडा साठच्या खाली आला. चाळीस. बावीस. ती काही करू शकत नव्हती. समोर लोक टाळ्यांनी ठेका धरत होते. पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी उठून नाचू लागली. गाणं संपलं तेव्हा मंडप दणाणला.

मध्यंतरात हंसराज मंचामागे उतरला. वहिनीनं पाण्याचा तांब्या दिला. तो प्यायला, तोंड पुसलं, आणि सरळ टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"कोनाले समजलं?"

"नाही," निरंजना म्हणाली.

"तुले?"

"हो."

"पडदा पाहून?"

"ऐकून. पडदा नंतर पाहिला."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर हलके हलके घासत होता. त्याला ते माहीत नसावं.

"दुसऱ्या गाण्यात तुही टिकटिक मांगं राहून राहिली होती," तो म्हणाला. "शेवटच्या कडव्यात. म्हनून काढलं. पाह्य ते."

तो वळला आणि खिशातलं बोंडूक काढून कानात घालत पायऱ्या चढून वर गेला.

निरंजनानं नोंद उघडली. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी साडेचारचे अकरा मिलिसेकंद झाले होते. तिला ते ऐकू आलं नव्हतं, पडद्यावर ती फक्त आकडा बघत बसली होती. तिनं पेटीवर हात ठेवला आणि चटकन उचलला. मंडपाचं कापड सरकून उन्हाचा पट्टा थेट पेटीवर पडला होता. पत्रा तापला होता. तापलं की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःहून हळू होतो. ती सोय तिनं बंद केलेली नव्हती. ती बंद करता येत नाही.

टेबल हलवावं तर वायरी पुरणार नव्हत्या. वर ढोलकीवर पहिली थाप पडली. निरंजना टेबलाच्या पलीकडे गेली, सूर्याकडे पाठ करून उभी राहिली, आणि पेटी आपल्या सावलीत येईल असं अंग वळवलं. ऊन सरकेल तशी ती सरकत राहिली. कार्यक्रम संपायला अजून सव्वा तास होता.